मिश्री आणि तीन सिद्धांत: आरोग्यवर्तनाचे सिद्धांत एकत्र आणायचे म्हणजे नेमके काय करायचे?

नीरगाठ (प्रश्नकर्ती)

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मिश्री, म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, हिरड्यांना लावणाऱ्या ग्रामीण स्त्रिया हा माझ्या प्रबंधाचा विषय असून सातारा जिल्ह्यातील दोन गावांमधून १२० स्त्रियांच्या मुलाखती घेण्याचे ठरले आहे. विषय घरातूनच आला. माझी आजी रोज पहाटे उंबऱ्याशी बसते, डाव्या तळव्यावर चिमूटभर मिश्री घेते आणि उजव्या हाताचे बोट हिरड्यांवरून सावकाश फिरवत राहते. तेवढा वेळ तिच्याशी कोणी बोलायचे नसते, असा घरातला अलिखित नियम आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे आणि केवळ ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले होते, तरी आमच्या वर्गात येणारे बहुतेक दाखले सिगारेटचेच असतात.

अडचण अशी आहे. मी आराखडा केवळ हेल्थ बिलीफ मॉडेलवर, म्हणजे आजाराचा धोका आणि उपायाचा फायदा यांविषयीच्या धारणांवरून वर्तन समजावणाऱ्या प्रतिमानावर, बेतला होता. सादरीकरणाच्या वेळी परीक्षकांनी ‘एक सिद्धांत अपुरा आहे, सिद्धांतांचे एकत्रीकरण करा’ असे सुचवले. त्यानुसार मी नियोजित वर्तनाचा सिद्धांत आणि बदलाच्या टप्प्यांचे प्रतिमान ही दोन जोडली. परिणामी आता माझ्या आकृतीत चौदा चौकटी आणि बावीस बाण आहेत. खोलीतल्या मैत्रिणीने ती पाहून हा एसटीच्या मार्गांचा नकाशा आहे का, असे विचारले.

माझे प्रश्न दोन आहेत. सिद्धांत एकत्र आणणे म्हणजे त्यांच्यातील सर्व घटक एका आकृतीत आणणे, असेच अपेक्षित असते का? आणि तसे नसेल, तर कोणता घटक ठेवायचा व कोणता गाळायचा, हे कोणत्या आधारावर ठरवायचे?

जुनी खडूफळी

नीरगाठ, मी हा विषय बरीच वर्षे शिकवला असून चौदा चौकटींची आकृती दर वर्षी एक तरी विद्यार्थी घेऊन येत असे, तेव्हा संकोच नसावा. तुमच्या आकृतीत तीन सिद्धांतांनी दिलेली उत्तरे शेजारीशेजारी आली आहेत, पण ती उत्तरे ज्या प्रश्नांसाठी शोधली गेली ते प्रश्न मागेच राहिले आहेत. प्रत्येक सिद्धांताची जन्मकुंडली मांडून पाहिली की कोणाला कोणते काम द्यायचे ते बरेचसे आपोआप उलगडते.

हेल्थ बिलीफ मॉडेलचा जन्म १९५० च्या दशकातला. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील गॉडफ्रे हॉचबाऊम, इर्विन रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांपुढे पेच असा होता की क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून देण्याची सोय असूनही लोक येत नव्हते. हॉचबाऊम यांनी तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांची पाहणी केली. आपल्याला क्षय होऊ शकतो आणि तो लवकर कळण्यात फायदा आहे, या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतलेला होता. दोन्ही न मानणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २१ टक्के होते. एवढी स्पष्ट तफावत आपल्या क्षेत्रात क्वचितच दिसते. मात्र एक्स-रे ही एकदा करायची, काही मिनिटांची कृती आहे. त्याची कोणाला तलफ येत नाही आणि तो न काढल्याने सकाळी डोके दुखत नाही. मिश्री दिवसातून तीन-चार वेळा लावली जाते आणि तिच्यात निकोटिन असते. तेव्हा या प्रतिमानाकडून ‘धोका कोणाला, किती आणि कशाचा वाटतो’ एवढेच विचारावे. सोडलेली मिश्री पुन्हा का सुरू होते, हे सांगण्यासाठी ते घडवलेलेच नव्हते.

आयसेक आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत १९९१ च्या लेखामुळे सर्वत्र पोहोचला, पण त्याचा पाया आयझेन आणि मार्टिन फिशबाइन यांनी १९७५ मध्ये घातलेला होता. मनात इरादा कसा तयार होतो, हे तो चांगले सांगतो: त्या कृतीविषयीचा दृष्टिकोन, महत्त्वाच्या माणसांच्या अपेक्षेचे दडपण आणि आपल्याच्याने हे होईल की नाही याची जाणीव. अडते ते पुढे. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा इराद्यात मध्यम ते मोठा बदल घडवूनही वर्तनात मात्र लहान ते मध्यम बदल झालेला दिसला. ‘ठरवले होते हो, पण जमले नाही’ हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. त्याचेच हे संख्याशास्त्रीय रूप समजा.

तिसरे प्रतिमान प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचे. १९८३ चा त्यांचा अभ्यास स्वतःच्या प्रयत्नाने सिगारेट सोडू पाहणाऱ्या ८७२ जणांवरचा होता, त्यामुळे व्यसन आणि घसरण यांची जाण या प्रतिमानाला जन्मतःच आहे. मात्र ‘सहा महिन्यांत सोडण्याचा विचार’ आणि ‘तीस दिवसांत सोडण्याचा विचार’ या त्याच्या सीमारेषा कोणत्याही मानसिक प्रक्रियेतून निघालेल्या नाहीत, असा आक्षेप फार पूर्वीपासून आहे. रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये या प्रतिमानाला आता मूठमाती द्यावी, असेच लिहिले. गंमत म्हणजे २०१४ मध्ये नियोजित वर्तनाच्या सिद्धांतालाही निवृत्त करण्याची वेळ आल्याचा लेख स्निहोटा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, म्हणजे तुमच्या आकृतीतील तिघांपैकी दोघांचे निरोप समारंभ उरकलेले आहेत. तरीही दोघे रोज कामावर येतात, ही गोष्ट वेगळी.

आता महत्त्वाचा मुद्दा. नियोजित वर्तनाचा सिद्धांत इरादा ही कमीअधिक होणारी, सलग पट्टीवरची गोष्ट मानतो. टप्प्यांचे प्रतिमान मात्र माणसे एकमेकांपासून गुणात्मकदृष्ट्या वेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत आणि पायरीगणिक उपाय वेगळा हवा, असे म्हणते. दोन्ही गृहीतके एकाच आकृतीत शेजारी ठेवून मधे बाण काढला की विसंगती मिटत नाही, ती झाकली जाते. एकत्रीकरण करणाऱ्याला इथे निर्णय द्यावा लागतो. राल्फ श्वार्झर यांच्या आरोग्यकृती प्रक्रिया दृष्टिकोनात असा निर्णय दिलेला आहे: इरादा होण्याआधीचा प्रेरणेचा टप्पा आणि त्यानंतरचा संकल्पाचा टप्पा असे दोनच मुख्य भाग. पहिल्यात धोक्याची जाणीव, परिणामांच्या अपेक्षा आणि सुरुवात करता येईल असा विश्वास यांना काम असते. दुसऱ्यात नियोजन येते, टिकवून धरता येईल हा विश्वास येतो आणि घसरल्यावर पुन्हा सावरता येईल हा विश्वासही येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांची स्वकार्यक्षमतेची, म्हणजे ‘मला हे जमेल’ या विश्वासाची, कल्पना इथे तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगळ्या रूपांत वापरलेली आहे. काळाच्या क्रमाने कामाची वाटणी करणे, ही एकत्रीकरणाची एक प्रामाणिक रीत झाली.

दुसरी रीत १९९१ ची. एचआयव्हीच्या संदर्भात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने एक कार्यशाळा भरवली आणि तिच्यात बांडुरा, बेकर, फिशबाइन, कॅन्फर आणि ट्रायंडिस हे वेगवेगळ्या घराण्यांचे गवई एका बैठकीत बसवले. चर्चेअंती आठ घटकांवर एकमत झाले. पक्का इरादा, आवश्यक कौशल्य आणि परिस्थितीतील अडसरांचा अभाव हे तीन असतील तर वर्तन घडते. उरलेले पाच, म्हणजे परिणामांची अपेक्षा, सामाजिक दडपण, स्वतःच्या प्रतिमेशी मेळ, भावना आणि स्वकार्यक्षमता, हे इराद्याचे बळ व दिशा ठरवतात. या यादीत शब्दांची काटछाट किती झाली आहे ते पाहा. हेल्थ बिलीफ मॉडेलमधील ‘फायदे’ आणि नियोजित वर्तनातील ‘दृष्टिकोनामागच्या धारणा’ यांत फरक नावाचाच आहे, हे त्यांनी मान्य केले. तुमच्या चौदा चौकटींपैकी किती जुळी भावंडे आहेत, ते मोजा. माझ्या अंदाजाने किमान चार निघतील.

दंतकथा

मी दंतवैद्य असून तंबाखू सोडवण्याचे समुपदेशनही करतो. वरचा प्रतिसाद उत्तम आहे. त्याला तोंडाच्या आतून थोडी जोड देतो.

मिश्री लावणाऱ्या बायकांना कारण विचारले की हमखास उत्तर येते, ‘लावल्याबिगर पोट साफ होत नाही.’ प्रश्नावली तयार करणारे विद्यार्थी हे उत्तर ‘गैरसमज’ या रकान्यात टाकतात आणि जनजागृतीची शिफारस करून मोकळे होतात. वास्तविक निकोटिनमुळे आतड्याची हालचाल वाढते आणि ते बंद केल्यावर बद्धकोष्ठ होणे हे माघारीच्या, म्हणजे व्यसन सोडताना होणाऱ्या त्रासाच्या, माहितीतल्या लक्षणांपैकी एक आहे. म्हणजे ती बाई जे सांगते तो तिच्या शरीराचा खरा अनुभव आहे. चुकते ते त्याचे कारण. मिश्री हा इलाज आहे असे तिला वाटते, आणि सवयीने बिघडवलेली घडी तीच सवय तात्पुरती नीट करते हे तिच्या लक्षात येत नाही. आता हे एकच वाक्य घ्या. धारणांच्या सिद्धांतात तो ‘जाणवणारा फायदा’ आहे. व्यसनाच्या शरीरशास्त्रात ते माघारीचे लक्षण आहे. सवयीच्या अंगाने पाहिले तर पहाट, उंबरा आणि परसाकडे जाण्याची वेळ हा सगळा इशाऱ्यांचा संच आहे. सिद्धांतांचे एकत्रीकरण करायचेच असेल तर ते अशा एका वाक्यावर करून पाहावे, म्हणजे प्रत्येकाच्या हाती काय लागते आणि काय निसटते ते दिसते.

एक प्रसंग सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंनी पाच आठवडे मिश्री पूर्ण बंद ठेवली होती. धोका माहीत होता, इरादा पक्का होता, सून पाठीशी होती. एका दुपारी शेजारच्या घरी तंबाखू भाजायला घेतली. मिश्री भाजताना पाहिलेल्यांना ठाऊक असेल: तव्यावर पाने काळी होईस्तोवर परततात, त्याचा उग्र धूर आळीभर पसरतो आणि लहान मुले ठसके देत बाहेर पळतात. भाजून झाल्यावर शेजारणीने नेहमीप्रमाणे थोडी वाटीत घालून पाठवली. बाईंनी ‘एकदाच’ म्हणून बोट लावले आणि दुसऱ्या दिवसापासून चारही वेळा सुरू झाले. मला म्हणाल्या, ‘मोडलंच, तर आता कशाला?’ मार्लाट आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये व्यसनाच्या पुनरावृत्तीवर लिहिताना नेमकी हीच मनःस्थिती वर्णिली आहे: एका चुकीचा अर्थ माणूस ‘मी अपयशी आहे’ असा लावतो आणि मग चूक घसरणीत बदलते. त्यांच्या बाबतीत उपयोगी पडला तो एक साधा ठराव: ‘शेजारून भाजल्याचा वास आला, तर मी लवंग तोंडात टाकून मागच्या दारी जाईन.’ जर-तर या साच्यातील अशा ठरावांवर पीटर गोलविट्झर यांचे काम प्रसिद्ध आहे. पण त्या वाटीचे काय? ती शेजारधर्मातून आली होती, आणि व्यक्तीच्या डोक्यात शिरून विचार करणाऱ्या तिन्ही सिद्धांतांपैकी एकाच्याही चौकटीत ती वाटी मावत नाही. १९८८ मध्ये मॅकलेरॉय आणि सहकाऱ्यांनी मांडलेला परिसरनिष्ठ दृष्टिकोन मला इथे आवश्यक वाटतो, कारण तो व्यक्तीनंतर नातीगोती, संस्था, समुदाय आणि धोरण अशा पातळ्या पाहायला लावतो. धोरणाचेच पाहा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तंबाखूच्या वेष्टनावर ८५ टक्के भागात इशारा छापावा लागतो. पण घरी भाजून डबीत भरलेल्या मिश्रीवर कोणते चित्र छापणार?

एक सूचना. तुमच्या नमुन्यात गर्भवती येणार असतील तर त्यांचा विचार स्वतंत्र करा. मुंबईतील १,२१७ स्त्रियांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. तंबाखूचा कर्करोग वीस वर्षांनी होणार म्हणून दूर वाटतो. बाळाचे वजन मात्र काही महिन्यांत काट्यावर दिसते. त्यामुळे हेल्थ बिलीफ मॉडेल या गटात, माझ्या अनुभवात तरी, बरेच अधिक उपयोगी पडते. एकाच गावात एका गटासाठी एक सिद्धांत पुढे आणि दुसऱ्यासाठी दुसरा, यात मला काही वावगे वाटत नाही.

आलेख

वरील दोघांनी आशयाची बाजू सांगितली. मी हिशेबाची सांगतो, ती थोडी रुक्ष आहे.

१२० जणींचा नमुना आणि चौदा घटक ही जोडी तुम्हाला पेलणार नाही. त्यातही हे घटक परस्परांशी घट्ट बांधलेले असतील, कारण ‘मला मिश्री सोडता येईल असा विश्वास आहे’ आणि ‘मिश्री सोडणे माझ्या हातात आहे’ ही दोन विधाने दोन सिद्धांतांतून आली असली तरी उत्तर देणाऱ्या बाईंना ती एकच वाटणार. दोन्ही एकाच समीकरणात घातली की कोणाचा प्रभाव किती, ते वेगळे करता येत नाही. एकाचा सहगुणक, म्हणजे समीकरणात त्याचा प्रभाव दाखवणारा आकडा, फुगतो, दुसरा विनाकारण उणे होतो, आणि मग विद्यार्थी त्या उणे चिन्हाचे स्पष्टीकरण देण्यात दोन पाने खर्ची घालतो. मी अशा प्रबंधांचे विश्लेषण तपासले आहे.

त्याऐवजी टप्प्याटप्प्याने चाचणी घ्या. आधी मूळ सिद्धांताचे मोजके घटक, मग दुसऱ्या सिद्धांतातून आणलेला एखादा घटक, आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न: या नव्या पाहुण्यामुळे इराद्याचे किंवा वर्तनाचे स्पष्टीकरण खरोखर वाढले का? वाढले नाही तर तो घटक सन्मानाने परत पाठवावा. आणि तुमची पाहणी एकाच वेळची असल्यामुळे ‘टप्पे’ तपासल्याचा दावा करू नका. कोण कोणत्या टप्प्यावर आहे एवढे सांगता येईल, माणसे टप्पे ओलांडतात हे नाही. शक्य असेल तर तीन महिन्यांनी त्याच स्त्रियांना पुन्हा भेटा. निदान साठ जणी भेटल्या तरी प्रबंधाची प्रत बदलेल.

मापनाबाबत आणखी एक. आयझेन आणि फिशबाइन यांचा आग्रह असे की कृती, तिचे लक्ष्य, संदर्भ आणि काळ हे चारही प्रश्नात ठरलेले असावेत. ‘तुम्ही तंबाखू सोडणार का?’ हा प्रश्न त्या दृष्टीने निकामी आहे. ‘येत्या पंधरा दिवसांत पहाटेची मिश्री बंद ठेवण्याचा तुमचा इरादा आहे का?’ असे विचारले तर उत्तराला अर्थ येतो. सिद्धांत कितीही एकत्र आणले तरी प्रश्न सैल असेल तर सर्वांचे निष्कर्ष सारखेच सैल निघतात.

नीरगाठ

तिघांचीही मी मनापासून आभारी आहे. काल रात्री बसून आकृती पुन्हा काढली. जुळी भावंडे पाच निघाली, म्हणजे सरांच्या अंदाजापेक्षा एक जास्तच. आता कणा श्वार्झर यांच्या दोन टप्प्यांचा ठेवला आहे. धोक्याची जाणीव हेल्थ बिलीफ मॉडेलमधून आणि कुटुंबाचे दडपण नियोजित वर्तनाच्या सिद्धांतातून घेतले आहे. ‘घरात किंवा शेजारी मिश्री भाजली जाते का आणि मागच्या महिन्यात कोणी वाटीतून दिली का’ हा परिसराचा एक साधा, मोजता येणारा घटक त्याला जोडला आहे. एकूण सात चौकटी झाल्या. टप्प्यांचे प्रतिमान मी गाळले, मात्र ते का गाळले यावर एक परिच्छेद लिहिणार आहे, कारण परीक्षक ते विचारणारच.

दोन शंका राहिल्या. मायकी आणि सहकाऱ्यांचे २०११ चे क्षमता, संधी आणि प्रेरणा हे प्रतिमान घेतले असते तर हे सगळे एका फटक्यात झाले नसते का? आणि दुसरी शंका व्यवहारातली: पाच पर्यायांची ‘पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत’ ही पट्टी मी आजीवर करून पाहिली. तिने सर्व प्रश्नांना ‘हो गं बाई, बरोबर आहे’ असे एकच उत्तर दिले.

जुनी खडूफळी

पहिल्या शंकेपुरते लिहितो. ते प्रतिमान १९ जुन्या चौकटींची छाननी करून निघालेल्या वर्तनबदल चक्राच्या मध्यभागी आहे आणि उपाययोजना आखताना फारच कामाचे आहे, कारण आपण काय विसरलो ते ते दाखवते. दंतकथा यांची वाटी ‘संधी’च्या कप्प्यात लगेच बसेल. मात्र कप्प्यांचे कपाट आणि सिद्धांत यांत फरक आहे. कोणत्या कप्प्यातली गोष्ट कोणत्या कप्प्यातल्या गोष्टीला, केव्हा आणि किती हलवते, याचे नेमके भाकीत ते करत नाही. तुमच्या प्रबंधाला मात्र भाकीत तपासायचे आहे. तेव्हा ते शेवटच्या, शिफारशींच्या प्रकरणात वापरा. मुलाखती संपल्यावर स्त्रियांची उत्तरे त्या तीन कप्प्यांच्या प्रत्येकी दोन, अशा सहा उपकप्प्यांत घालून पाहिलीत, तर आपला एखादा कप्पा रिकामाच राहिला आहे का, तेही कळेल.

दंतकथा

दुसऱ्या शंकेवर माझा तोडगा. पट्टी कागदावर ठेवू नका. पाच वाट्या मांडा, प्रत्येकीत चढत्या क्रमाने शेंगदाणे ठेवा, पहिली रिकामी, आणि विधान वाचून झाल्यावर ‘किती पटतं, त्या वाटीला हात लावा’ असे सांगा. आधी दोन-तीन सरावाची विधाने घ्या, त्यातले एक उघड खोटे असू द्या, उदाहरणार्थ ‘पाऊस पडला की विहिरीचे पाणी आटते’. त्यालाही बाईंनी भरलेल्या वाटीला हात लावला, तर तुमच्या आजीचाच प्रकार आहे असे समजून पुन्हा समजावून सांगा. आणि पहाटे जाऊ नका. बोट तोंडात असताना कोणी उत्तर देत नाही, हे तुम्हाला घरूनच माहीत आहे.